वर्गणी भरलेल्यांचा नकाशा

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. जळगावहून धुळ्याला जाताना मध्ये एक फाटा फुटतो, तिथून आत यावं लागतं, एवढं पुरे. नाव न सांगण्यामागे भीती वगैरे काही नाही. मी या गावाचा नकाशा छापला, आणि त्यात ज्यांची दुकानं शेजाऱ्याच्या दुकानापेक्षा बोटभर लहान आली ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आता पुन्हा नावानिशी लिहिलं तर जे बोलतात तेही बोलणं सोडतील.

माझी छपाईची प्रेस आहे, बसस्टँडच्या समोर. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, रावेरकडच्या केळीवाल्यांची खोक्यांवरची लेबलं, आणि निवडणूक आली की जे पडेल ते. वडिलांनी सुरू केली, मी चालवतो. चालवतो म्हणजे खुर्चीत बसून लोकांना ‘उद्या या’ सांगतो.

माझा भाचा अमेरिकेत असतो. रविवारी सकाळी तो व्हिडिओ कॉल करतो. माझी बहीण त्याला जेवलास का विचारते आणि मी त्याच्या मागची भिंत बघत बसतो, कारण जेवला असेल हे मला त्याच्याकडे बघूनच कळतं. एकदा त्या भिंतीवर एक मोठी तसबीर दिसली. वरून पाहिलेलं एक गाव. घरं, रस्ते, नदी, नदीवर पूल, सगळं तिरकं आणि बारीक. मला वाटलं विमानातून काढलेला फोटो असेल. भाचा म्हणाला, “मामा, हा नकाशा आहे. विमानं नव्हती तेव्हाचा.” मग त्याने त्या विषयावरचं एक पुस्तक पाठवून दिलं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी, लग्नपत्रिकांचा हंगाम ओसरल्यावर, मी ते शब्दकोश शेजारी घेऊन वाचून काढलं.

तो सगळा धंदा असा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नकाशे छापणारे गावोगाव फिरायचे. आधी प्रकाशकाचा माणूस गावात उतरायचा, गावच्या पुढाऱ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा आणि वर्गणी गोळा करायचा. मग चित्रकार यायचा. तो गल्लीगल्लीतून पायी फिरून एकेक घर टिपून घ्यायचा आणि नंतर टेबलाशी बसून सगळं गाव घारीच्या नजरेने काढायचा. ज्याने वर्गणी जास्त दिली त्याचा बंगला कडेच्या चौकटीत वेगळा आणि ऐसपैस. गाव मरगळलेलं असलं तरी नकाशात आगगाड्या धावायच्या, नदीत बोटी असायच्या, आणि प्रत्येक धुराड्यातून धूर, कारण धूर म्हणजे बरकत. हे सगळं छापण्याच्या दगडावर उतरवणारे कारागीर बहुतेक बाहेरचे, जर्मनीतून वगैरे पोटासाठी आलेले. विद्या त्यांची, दगडही त्यांच्याच मुलखातला. नकाशावर प्रकाशकाचं नाव मोठ्या अक्षरात. कारागिराचं तळाला, मोहरीएवढं, तेही असलं तर.

वाचून मला फार राग आला. काय लबाड लोक, म्हटलं. पैसे दिले तर घर मोठं, नाही दिले तर घरच नाही. बायकोला जेवताना हे सगळं तावातावाने ऐकवलं. आणि आठच दिवसांत आमच्या गावाच्या नकाशासाठी वर्गणीची पावतीपुस्तकं छापायला घेतली.

कारागीर माझ्याकडे होतेच, आणि तेही बाहेरचे. आमचे अण्णा. पस्तीस वर्षांपूर्वी वडिलांनी शिवकाशीहून एक जुनं मशीन घेतलं, ते जोडून द्यायला अण्णा ट्रकमध्ये बसून आले आणि मशीन नीट चालेना म्हणून थोडे दिवस राहिले. मशीन अजून नीट चालत नाही. मधल्या काळात अण्णांनी बायकोला इकडे आणलं, मुलं मोठी करून नोकरीला लावली, गुडघे झिजवले. चित्र, अक्षर, नक्षी, जे काही हाताने काढायचं ते अण्णा काढतात. कॉम्प्युटरवाला मुलगा मी ठेवून पाहिला होता, पण त्याचे सगळे गणपती एकाच गणपतीसारखे दिसायचे.

अण्णांचे वडील काडेपेट्यांची लेबलं दगडावर काढत. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर सगळंच उलटं काढावं लागे, अक्षरं आरशात दिसतात तशी. अण्णा लहानपणी तेच शिकले. आता दगड गेला, सुलटं काढलं तरी चालतं, पण अक्षर फार बारीक झालं की अण्णांचा हात आपोआप उलटा चालतो. एका लग्नपत्रिकेत कलशाखाली त्यांनी ‘शुभं भवतु’ इतकं बारीक आणि उलटं लिहिलं होतं, की वधूपित्याला ती कुठली तरी प्राचीन लिपी वाटली आणि त्याने आणखी पन्नास प्रती मागितल्या. तेव्हापासून प्रूफ तपासायला आम्ही भिंगाबरोबर एक आरसाही ठेवतो. वडिलांचा एक दगड अण्णांनी येताना बरोबर आणला होता. पिवळसर, गुळगुळीत, पाटाएवढा. हल्ली तो त्यांच्या दाराशी कपडे धुवायला असतो, छापायची बाजू खाली करून.

अण्णांची अहिराणी माझ्यापेक्षा चांगली आहे. मी जळगावला कॉलेजात चार वर्षं काढली आणि तेव्हापासून छापील मराठी बोलतो. कधी लाडात येऊन अहिराणीत घुसलो तर अण्णा मला दुरुस्त करतात. तरी गावात ते ‘मद्राशी अण्णा’च. नवीन कोणी साहेब बदलून आला की त्यांना हटकून विचारतो, तुम्ही मूळचे कुठले. मला कोणी विचारत नाही. माझे आजोबा भडगावकडून कापसाच्या गाडीबरोबर आले होते, हे सगळ्यांच्या सोयीने विसरलं गेलंय.

अमेरिकेतल्या नकाशांची सगळी कथा मी अण्णांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

“त्या कारागीरनं घर व्हतं का नकाशामा?”

“कुणाचं घर?”

“दगडवर काढस त्यानं.”

मी म्हटलं, तसं काही पुस्तकात नाही. “पुस्तकमा बी नही,” असं म्हणून अण्णा पेनाची निब पुसायला लागले.

मी कामाची वाटणी केली. अण्णांनी वही घेऊन गाव पायी फिरायचं आणि घरं टिपायची, मी वर्गणी गोळा करायची. प्रेसच्या दर्शनी भिंतीवर पाटी लावली: ‘वर्गणी नाही, तर नकाशात नाही.’ पाटीचं अक्षर अण्णांकडूनच काढून घेतलं. अण्णा गुडघ्याला पट्टा बांधून ऊन उतरलं की निघायचे. मी मोटरसायकलवरून फिरून चहा पीत होतो आणि मनातल्या मनात घार झालो होतो.

पहिले कापसाच्या जिनिंगवाले शेठ. म्हणाले, “माझ्या जिनिंगचं धुराडं दिसलं पाहिजे.”

“शेठ, तुमचं जिनिंग विजेवर चालतं.”

“नकाशात वीज कोण बघतो? धुराडं काढ. धूर असा काढ, की धरणगावच्या लोकांना खोकला आला पाहिजे.”

मी शेठजींना दोन धुराडी दिली. डॉक्टरांनी दवाखान्याला तिसरा मजला मागितला, दुसरा अजून बांधायचा होता. एका संस्थेच्या अध्यक्षांनी ‘नियोजित’ कॉलेज मागितलं, मी म्हटलं नियोजित हा शब्द फार जागा खातो, आपण नुसतं कॉलेज लिहू. त्यांना ते एकदम पटलं. रसवंतीवाल्याला त्याचा बैल हवा होता. बैल जाऊन मोटार आली त्याला सात वर्षं झाली, पण बैल शुभ असतो. एकूण काय, मागेल त्याला मागेल ते दिलं. गाव वाढत गेलं आणि मी मनातल्या मनात त्या अमेरिकन प्रकाशकांना माफ करत गेलो.

नदी निळी करायची हे तर ठरलेलंच होतं. आमच्या नदीला पाणी असतं, नाही असं नाही, पोळ्याच्या आसपास असतं. मी अण्णांना म्हटलं, एक होडी टाका. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. “होडीमा कोन बशी?” मी म्हटलं, पर्यटक. त्यांनी मुकाट्याने होडी काढली. छापून झाल्यावर भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, की त्या होडीत कोणी बसलेलं नाही. एक माणूस लेंगा वर खोचून ती मागून ढकलतोय.

मग आबा आले. आबा म्हणजे आमचे नगरसेवक. त्यांनी नकाशाचा मथळा, प्रकाशनाचा कार्यक्रम आणि हॉलचं भाडं, सगळं अंगावर घेतलं. बदल्यात फार काही नको होतं त्यांना. नाल्यापलीकडे फक्त उद्यान दाखवायचं होतं.

“आबा, तिथं घरं आहेत,” मी म्हटलं. पत्र्याची चाळीसेक घरं आहेत तिथे. हमाल, गवंडी, केळीचे ट्रक भरणारे लोक. शेवटून दुसरं घर अण्णांचं.

“आत्ता आहेत. नकाशा काय आजच्यापुरता असतो का? माझं उद्यान मंजूर आहे. फक्त जागा, पैसा आणि ठराव, एवढंच बाकी आहे.”

मला आढेवेढे घ्यायची इच्छा होती, पण तोवर आबांनी चहा सांगितला होता.

अण्णांनी ती वस्ती आधीच काढून ठेवली होती. मोठ्या ट्रेसिंग पेपरवर शाईने, तीन दिवस बसून. गावातल्या बाकीच्या इमारती वर्गणीच्या होत्या, त्या वर्गणीसारख्या ताठ दिसत होत्या. ही वस्ती मात्र जिवंत होती. दोऱ्यांवर कपडे, पत्र्यांवर टाकलेले दगड, कुणाच्या दारातली सायकल. अण्णांच्या दारातला शेवगा तर शेंगांसकट होता. मी ते पाहिलं, मला ते आवडलं, आणि मी म्हटलं, “अण्णा, इथे झाडं काढावी लागतील. उद्यान येतंय.”

“भाऊ, आठे घरं शेतस.”

“घरं आहेत, माहीत आहे. पण वर्गणी आबांची आहे.”

अण्णांनी खिशात हात घातला. “मी भरस वर्गणी. एक घरनी.”

“आता नाही होत अण्णा. ती जागा विकली गेली.” मी हसून म्हटलं, म्हणजे त्यांनीही हसावं म्हणून. “चित्र तर आहे. तुमच्या खऱ्या घराला कोण हात लावतंय?”

ते हसले नाहीत. पेन धुतलं, पुसलं, डबीत ठेवलं. मग भिंतीवरच्या पाटीकडे बघत विचारलं, “प्रेसनी वर्गणी कोनी भरी?”

“प्रेसची कसली वर्गणी? प्रेस माझी, नकाशाही माझा.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

ट्रेसिंगवरची शाई पुसता येत नाही, ब्लेडने खरवडावी लागते. चाळीस घरं खरवडायला दीड तास लागला. मी शेजारच्या टेबलावर मोबाइल बघत होतो आणि तो ब्लेडचा आवाज कानावर येत होता. एकदा वाटलं, उठावं आणि राहू द्या म्हणावं. उठलो नाही. दुसऱ्या दिवशी तिथे छान झाडं होती, मध्ये वळणदार पायवाट होती आणि आबा खूश होते.

प्रूफ आम्ही प्रेसच्या भिंतीवर लावलं आणि सगळ्या वर्गणीदारांना तपासायला बोलावलं. प्रत्येक जण आला, बोट लावून स्वतःचं दुकान शोधलं, शेजाऱ्याच्या दुकानाशी वीतभर अंतरावरून ताडून पाहिलं, आणि गेला. शेठजींनी धूर मोजला. डॉक्टरांनी मजले मोजले. बाकीचं गाव कोणी बघितलं नाही. मीही नाही. मी तळाचं माझं नाव तीनदा भिंगातून वाचलं, ‘प्रकाशक’ या शब्दापासून सुरू करून. तिथेच खाली अण्णांचं नाव मोहरीएवढं टाकायचं मी कबूल केलं होतं, पण ऐनवेळी रसवंतीवाल्याच्या बैलाला तेवढीच जागा लागली. प्लेटा जळगावहून करून आणल्या आणि एकेक रंग करत आमच्याच कुरकुरत्या मशीनवर नकाशा छापला.

प्रकाशनाला हॉल भरला होता. आबांनी रिबन सोडली. प्रत्येक खुर्चीवर एक प्रत गुंडाळून ठेवली होती आणि पेढा होता. मी माझ्या भाषणात एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेचा उल्लेख दोनदा केला. तेवढ्यात पुढच्या रांगेतून नाना उठले. नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेत आणि स्वतःचं भिंग खिशात घेऊन फिरतात. दशक्रियेच्या कार्डातही ते चुका काढतात, मग ते कार्ड त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचं का असेना.

“प्रकाशकांची प्रेस कुठे आहे?” नानांनी विचारलं.

“बसस्टँडसमोर, नाना. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“गावाला आहे. नकाशाला नाही.”

मी प्रत उलगडली. बसस्टँड होता. समोर मिठाईचं दुकान होतं, मोबाइलचं दुकान होतं. त्या दोन्हींच्या मध्ये, जिथे माझी दुमजली प्रेस असायला हवी, तिथे दोन खोल्यांचं एक पत्र्याचं घर होतं. दोरीवर कपडे. दारात शेंगांनी लगडलेला शेवगा. आणि शेवग्याखाली पाटाएवढा एक दगड.

“दिव्याखाली अंधार,” नाना म्हणाले आणि बसले. हॉल हसला. आबा सगळ्यात जास्त हसले. अण्णा मागून तिसऱ्या रांगेत बसले होते आणि पेढा खात होते.

त्यानंतरचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. कुरियरवाला दारात उभा राहून विचारायचा, “इथे आता कोण राहतं?” मिठाईवाल्याने नव्या शेजाऱ्यांना द्या म्हणून पाव किलो शेव पाठवली. घरी आल्यावर मी बायकोपुढे आदळआपट केली, पस्तीस वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याचीच प्रेस गायब केली म्हणून. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, “तुम्ही वर्गणी भरली होती का?”

अण्णा गुडघा दुखतो म्हणून प्रेसवर आले नव्हते. पाचव्या दिवशी मीच निघालो, नकाशाची गुंडाळी काखेत मारून, रागाने. अण्णांना आजवर तीन-चारदा दारापर्यंत सोडलं असेल, तेही मोटरसायकलवरून न उतरता. आत कधीच गेलो नव्हतो. नाल्यावरचा पूल ओलांडला आणि पुढे तीन बोळ दिसले. कोणत्या बोळातून आलो होतो ते आठवेना. सवयीने काखेतला नकाशा उलगडला. त्यात वळणदार पायवाट होती आणि झाडं. मी भर दुपारी, माझाच नकाशा हातात धरून, त्या चाळीस घरांमध्ये वाट चुकून उभा होतो.

एक बाई भांडी घासत होती. तिने विचारलं, “कोनाकडे जानं शे, भाऊ?”

“मद्राशी अण्णा.”

“आमना अण्णा ना? तो शेवगा दिसस, तठे.”

अण्णा खाटेवर पाय लांब करून बसले होते. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हटलं. अक्कांनी, म्हणजे अण्णांच्या बायकोने, न विचारता कॉफी टाकली. मी नकाशा खाटेवर पसरला आणि त्या घरावर बोट ठेवलं.

“अण्णा, हे काय केलंत?”

“तुम्हीनच पाटी लायेल शे. वर्गणी नही, ते नकाशामा नही. प्रेसनी वर्गणी नव्हती. जागा रिकामी व्हती.”

“रिकामी जागा दिसली की घर बांधायचं?”

“मन्हं घर झाडसखाले गयं. कोठे तरी ठेवनं पडस ना, भाऊ.” हे ते भांडणाच्या सुरात बोलले नाहीत. गुडघा चोळत बोलले.

“आणि माझी प्रेस? माझ्या वडिलांनी उभी केलेली. तुम्ही पस्तीस वर्षं जिथे बसता ती.”

अण्णांनी उशीखालून भिंग काढलं. “दारवर दखा.”

त्या चित्रातल्या घराच्या दारावर एक रेघ होती, केसाहून बारीक. मला वाटलं छपाईत आलेला ओरखडा. अण्णांनी अक्कांना हाक मारली, त्यांनी भिंतीवरचा दाढीचा आरसा आणून दिला. मी तो नकाशाशेजारी उभा धरला, वर भिंग धरलं, आणि त्या रेघेची अक्षरं झाली.

माझ्या प्रेसचं नाव होतं. आणि त्याखाली माझ्या वडिलांचं नाव, जुन्या लाकडी पाटीवर होतं तसंच, त्याच वळणाचं. ती पाटी मी सहा वर्षांपूर्वी काढली. नवी फ्लेक्सची लावली, तिच्यावर मोबाइल नंबर आणि माझा फोटो घालायचा होता, म्हणून वडिलांचं नाव गाळलं. गावात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्याही लक्षात राहिलं नाही.

“प्रेस कशी सोडसु?” अण्णा म्हणाले. “तठे जागा नव्हती. म्हनीसन मन्हा घरमा ठेवी दिधी.”

मला लाज वाटली. अशी, की समोरच्या माणसाकडे बघता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. मी कॉफी प्यायलो. कॉफी फार चांगली होती, आणि पस्तीस वर्षांत मी ती पहिल्यांदा पीत होतो.

काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, “पण उलटं का लिहिलंत?”

“बारीक अक्षर व्हतं. हात उलटा गया.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “आनि सुलटं ऱ्हातं ते कोन्ही तरी वाचं असतं. मंग तुम्हले वर्गणी भरनी पडती.”

नकाशाच्या सगळ्या प्रती महिनाभरात संपल्या. शेजाऱ्याचं दुकान खरंच केवढं आलंय हे घरी निवांत मोजून बघायला प्रत्येकाला एक प्रत हवी होती. दुसऱ्या छपाईची बोलणी करायला आबा प्रेसवर आले. अण्णा मागच्या टेबलावर होते, नवा ट्रेसिंग लावून, गुडघ्याखाली उशी घेऊन. आबांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “या वेळी उद्यान जरा मोठं कर. मध्ये एक कारंजं टाक. रंगीत.”

“आबा, या वेळी उद्यान नाही टाकत.”

“मग तिथं काय दाखवणार?”

“आहे ते.”

आबा हसायला लागले. इतके हसले, की चहा बशीत सांडला आणि बशीतून नव्या कोऱ्या लग्नपत्रिकांवर. डोळे पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हसत नाही हे त्यांच्या हळूहळू लक्षात आलं, आणि मग त्यांनी नेहमीच्या, कामाच्या आवाजात विचारलं, “चाळीस घरं? त्यांची वर्गणी कोण भरणार?”

मागच्या टेबलावरचं पेन थांबलेलं मला ऐकू आलं.

“प्रेस भरेल,” मी म्हटलं.